पाईप विझेपर्यंत

शालिकराम वैरागडे यांच्या नागपूरच्या रेशीमबागेतल्या घरात तंबाखूला थारा नव्हता. त्यांचे थोरले भाऊ भिवापूरला मिरचीच्या आडतीत कामाला होते आणि दिवसभर गालात तंबाखूचा बार धरून असत. त्यांचा जबडा सडला. सात महिने शालिकरामांच्याच घरी, मागच्या खोलीत खाटेवर पडून ते गेले. त्यानंतर एखाद्या पाहुण्यानं खिशातून चुन्याची डबी काढली, की शालिकराम उठायचे आणि फाटक उघडून उभे राहायचे. पाहुणा काय ते समजून घ्यायचा.

म्हणून १९७० च्या दिवाळीत केशव अमेरिकेहून चार वर्षांनी घरी आला आणि तिसऱ्याच संध्याकाळी मागच्या अंगणात पेरूखाली खुर्ची टाकून पाईप ओढताना दिसला, तेव्हा शालिकरामांच्या पत्नी गोपिकाबाई हातातलं काम टाकून आल्या. केशव हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्याआधीची सुभद्रा लग्न होऊन खाप्याला गेलेली. आता बापलेकांचं वाजणार आणि दिवाळी कडू होणार, असं धरून त्या दाराशी उभ्या राहिल्या.

शालिकराम अंगणात गेले. त्यांना पाहून केशव अर्धा उठला आणि परत बसला.

"उठता येत नाही बाबूजी," तो ओशाळून म्हणाला. "आत्ताच पेटवला आहे. मध्येच सोडला तर विझतो, मग चव बिघडते."

"किती वेळ चालते हे?"

"पाऊण तास तरी."

शालिकराम पाईपच्या त्या तपकिरी लाकडी वाटीकडे पाहत राहिले. तीन दिवसांत मुलगा त्यांच्यासमोर पाच मिनिटंही बसला नव्हता. आंघोळ, जेवण, की बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज, की हा चालला. चार वर्षं त्यांनी मनात साठवलेलं सगळं तसंच पडून होतं. त्यांनी घरातून दुसरी खुर्ची आणली आणि त्याच्याशेजारी, धूर येणार नाही अशा बाजूला बसले.

त्या संध्याकाळी केशवनं त्यांना सांगितलं, की पहिल्या हिवाळ्यात तो कपडे धुवायच्या तळघरात जाऊन रडायचा, कारण तिथल्या यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू जात नसे. शालिकरामांनी त्याला सांगितलं, की भूमापन खात्यात नवीन लागले तेव्हा उमरेडकडच्या एका गावात मोजणीची साखळी टाकताना लोकांनी त्यांच्यावर कुत्री सोडली होती आणि ते बाभळीवर चढून बसले होते. केशव इतका हसला, की त्याला ठसका लागला. मॅट्रिकनंतर तो बापासमोर असा हसलाच नव्हता.

पुढचे सहा दिवस रोज तो पाईप पेटायचा आणि रोज दोन खुर्च्या बाहेर पडायच्या. केशवकडे तीन पाईप होते. एक आज ओढला तर उद्या त्याला विश्रांती द्यायची, असा नियम होता. जाताना त्यानं तिन्ही पाईप आणि तंबाखूचा डबा आईच्या हाती दिला.

"राहू दे माय इथंच. पुढच्या वर्षी येतोच आहे. तिथं दुसरे आहेत माझे."

गोपिकाबाईंनी ते एका जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्या टाकून, लोकरी कपड्यांच्या खाली ठेवले. घरातली जपायची वस्तू त्या अशीच ठेवत.

केशव पुढच्या वर्षी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तो १९७३ च्या मे महिन्यात आला. शालिकरामांनी पहिल्याच संध्याकाळी अंगणात पाणी मारून दोन खुर्च्या टाकल्या आणि पाईप आणून दिले. केशवनं एक भरला, पेटवला, दोन झुरके घेतले आणि थू थू करून थुंकला.

"डांबराच्या गोळ्या! बाबूजी, हे लाकूड सगळे वास ओढून घेतं." दुसरा पाईप त्यानं उघडून पाहिला. नळीत पांढरी बुरशी होती. तिसऱ्याच्या वाटीला तडा गेला होता. त्यानं तिन्ही तिथंच ठेवले. तेवढ्यात बाहेर कोणीतरी हाक मारली आणि तो गेला. त्या खेपेला तो अकरा दिवस होता. रामटेकला जाऊन आला, मित्रांबरोबर तोतलाडोहला जाऊन आला, दोन लग्नं जेवून आला. बापाजवळ बसला नाही.

शालिकराम गोपिकाबाईंवर चिडले. आयुष्यात फार कमी वेळा ते त्यांच्यावर ओरडले होते, त्यातली ही एक.

"काहून टाकल्या गोळ्या? मले विचारलं होतं?"

"मले का माहीत जी," गोपिकाबाई म्हणाल्या. "म्या तं जपूनच ठेवले."

केशव गेल्यावर शालिकरामांनी ठरवलं, की ही विद्या शिकायची. भूमापनातला माणूस, एखादी गोष्ट नीट शिकायची तर ज्याचा हात त्यात फिरला आहे त्याच्याकडे जावं, हे त्यांना ठाऊक होतं. विचारत विचारत ते सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यामागच्या नोकरांच्या चाळीत पोचले. तिथं चंपतराव राहत होते. इंग्रजांच्या अमदानीत ते पाईप ओढणाऱ्या एका साहेबाचे बेअरा, म्हणजे घरचे नोकर, होते. आता सत्तरीला आलेले, सुनेच्या घरात एका कोपऱ्यात. शालिकरामांनी पिशवीतून तिन्ही पाईप काढले, तसं त्यांनी एक दोन्ही हातांनी घेतला आणि आधी नाकाला लावला.

"मारून टाकला न गा ह्याले," ते म्हणाले.

"जिवंत होईल का?"

"तडकलेला नाही होनार. दोन होईन. ब्रांडी आना थोडीशी."

शालिकरामांनी दारूच्या दुकानाची पायरी कधी चढलेली नव्हती. डोक्यावरची टोपी खिशात घालून ते गेले आणि पाव बाटली पंच्यात लपवून आणली. चंपतरावांनी वाटीत जाड मीठ भरलं, त्यावर थेंब थेंब ब्रँडी सोडली आणि पाईप दिवसभर तसाच उभा ठेवायला लावला. मीठ काळं पडलं की टाकायचं, पुन्हा नवीन भरायचं. चार वेळा असं केल्यावर डांबराचा वास गेला.

मग चंपतरावांनी त्यांना बाकीचं शिकवलं. गरम पाईपची नळी कधी ओढून काढायची नाही, सांधा ढिला होतो. थंड झाला की कापूस गुंडाळलेली तारेची काडी आतून फिरवायची. वाटीतली काजळी सगळी खरवडायची नाही, पोस्टकार्डाच्या जाडीइतकी ठेवायची. तीच लाकडाला आगीपासून वाचवते. ठेवताना वाटी खाली आणि नळी वर, म्हणजे आतली ओल नळीत उतरत नाही. पेटीत बंद करायचा नाही, वारा लागला पाहिजे. पण नागपूरच्या उन्हाळ्यातला वारा नको, लाकूड तडकतं. कूलरसमोर नको, बुरसतं. काळ्या नळीला ऊन नको, हिरवी पडते. महिन्यातून एकदा तिला खोबरेल तेलाचं बोट लावायचं.

"साहेबाचे चौदा पाईप होते," चंपतराव म्हणाले. "साहेब गेल्यावरबी अकरा वर्स म्या सांभाळले."

शालिकरामांनी त्यांना वाकून नमस्कार केला. अकरा वर्षांनंतर काय झालं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

त्यांनी सुताराकडून सागाचं लहानसं भिंतीवरचं कपाट करून घेतलं. दाराला जाळी, आत भोकं पाडलेली फळी. ते बैठकीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, जिथं ऊन पोचत नाही तिथं ठोकलं. तारेच्या काड्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात एका सिंधी दुकानदाराकडे मिळत, म्हणून दर दोन महिन्यांनी ते रेशीमबागेतून जरीपटक्यापर्यंत सायकल मारत. दुकानदार विचारायचा, "काका, आप पीते हो?" ते म्हणायचे, "मेरा लडका पीता है. आनेवाला है." उन्हाळ्यात ते कपाटात पाण्याची वाटी ठेवत, पावसाळ्यात लाकडी कोळशाची पुरचुंडी. दर रविवारी सकाळी पेपर वाचायच्या आधी पाईप खाली काढून पुसत. ज्या माणसाच्या घरात तंबाखूचं नाव निघत नव्हतं, त्याच्या बोटांना आता कायम तिचा मंद वास यायचा.

१९७६ च्या डिसेंबरात केशव आला. पाईप भरून त्यानं पहिला झुरका घेतला आणि डोळे मिटले.

"बाबूजी, हा तर माझ्या तिकडच्या पाईपांपेक्षा चांगला लागून राहिला!"

परदेशात दहा वर्षं राहूनही तो नागपुरी वळणानं "लागून राहिला" म्हणाला, याचा शालिकरामांना किती आनंद झाला ते त्यांनाच ठाऊक. त्या खेपेला तो आठ संध्याकाळी बसला. थंडी होती, गोपिकाबाईंनी मध्ये शेगडी आणून ठेवली. पाचव्या संध्याकाळी केशवनं सांगितलं, की त्यानं तिकडच्याच एका मुलीशी लग्न केलं आहे, दीड वर्ष झालं, आणि मायला सांगायची हिंमत होत नाही.

शालिकरामांनी वाटीकडे पाहिलं. पाईप विझत आला होता.

"मी सांगतो तिले," ते म्हणाले. "तू पेटव पुन्हा."

ते त्यांनी सांगितलं. गोपिकाबाईंचं रडणं त्यांनी झेललं, नातेवाइकांचं बोलणं झेललं. मुलानं ही गोष्ट आपल्याला आधी सांगितली, या एका बळावर त्यांनी सगळं निभावलं. जाताना केशव म्हणाला होता, की दोन-तीन वर्षांत परत यायचा विचार आहे, इथं एखाद्या कॉलेजात जागा पाहीन. शालिकरामांनी ते शब्द मनात एखाद्या मोजणीच्या दगडासारखे पक्के रोवून ठेवले.

मधल्या काळात सुभद्रा येत-जात होती. खाप्याहून सावनेर, सावनेरहून नागपूर अशा दोन एसट्या बदलून ती यायची, आईची धुणीभांडी करायची, पापड लाटून द्यायची आणि जायची. शालिकराम तिला "आली का वं," असं विचारत आणि जाताना "सांभाळून जा" म्हणत.

१९७९ च्या श्रावणात ती एका सोमवारी भर पावसात आली. शालिकराम बैठकीत सतरंजीवर बसून पाईपच्या वाटीत मीठ भरत होते. त्या वर्षी ओल फार होती आणि नळीला बुरशीचा ठिपका दिसला होता.

"बाबूजी, थोडं बोलायचं होतं," ती म्हणाली.

"थांब जरा. हे सांडन."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. ब्रँडीचा थेंब पडायचा, ते मोजायचे. पुढचा थेंब. कितीतरी वेळानं, मान वर न करता त्यांनी विचारलं, "कधी जातं मंग परत? जावई वाट पाहत असतीन."

"उद्या सकाळच्या गाडीनं," सुभद्रा म्हणाली आणि आत गेली.

ती गेल्यावर दोन दिवसांनी गोपिकाबाईंनी जेवताना सांगितलं. जावई दारू पिऊन मारतो. या खेपेला पाठीवर लाकडाचे वळ होते. ती कपड्यांची पेटी घेऊन आली होती, इथंच राहायचं म्हणून. पेटी ओसरीवर होती. शालिकराम त्या एका दिवसात चार वेळा त्या ओसरीवरून गेले होते.

"मंग बोलली काहून नाही?" ते म्हणाले.

गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पानात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी खाप्याला जावं, असं शालिकरामांच्या मनात आलं. पण त्याच आठवड्यात केशवचं पत्र आलं, की डिसेंबरात येतो आहे. मग कपाट धुवायचं होतं, काड्या आणायच्या होत्या. डिसेंबरात केशव आला नाही. खाप्याला जायचं तेही राहून गेलं. दोन वर्षांनी जावई दारूपायीच गेला आणि सुभद्रा दोन एकर वाडीत भाजीपाला काढून एकटी राहू लागली. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला शालिकराम जाऊन आले. तिनं सगळ्यांना वाढलं, त्यांनाही वाढलं.

१९८३ च्या मार्चमध्ये गोपिकाबाईंच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितलं आणि मे महिन्यात घरी न्यायला सांगितलं. सुभद्रा वाडी शेजाऱ्याला लावून देऊन आईजवळ येऊन राहिली. शालिकरामांनी केशवला तार केली.

जूनच्या सुरुवातीला तो येणार हे कळल्यावर ते पाईपांच्या मागे लागले. गोपिकाबाई आतल्या खोलीत खाटेवर होत्या, कूलरचा पाण्याचा वास घरभर होता, आणि शालिकराम जाळीचं कपाट कूलरपासून लांब म्हणून मागच्या खोलीत हलवत होते. तंबाखू सुकली होती. तिच्या डब्यात त्यांनी बटाट्याची साल टाकून ती ओलसर केली. नळ्यांना तेल लावलं. सुभद्रा दाराशी येऊन उभी राहिली.

"माय बोलावून राहिली तुमाले."

"येतो, पाच मिनिटं."

ती गेली नाही. त्या तीनपैकी उरलेल्या दोन पाईपांकडे पाहत तिनं विचारलं, "बाबूजी, मी येईन म्हणून तुमी कधी काही जपून ठेवलं का?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखं तिनं विचारलं होतं. शालिकरामांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी पाईप खाली ठेवून मान वर केली. तोवर ती आईकडे निघून गेली होती.

केशव आला तो ओळखू न येण्याइतका बारीक होऊन आला. सकाळी पाच वाजता बूट घालून रेशीमबागेच्या मैदानावर पळायला जायचा. आईजवळ दोन मिनिटं उभा राहायचा, तिचा हात हातात घ्यायचा, औषधांची नावं वाचायचा, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलून यायचा. गळ्यात कॅमेरा. घराचे, गल्लीचे, झाडाचे फोटो काढायचा. पहिल्या संध्याकाळी शालिकरामांनी खुर्च्या टाकल्या आणि पाईप पुढं केला.

"अरे! हे अजून आहेत?" केशव म्हणाला. त्यानं पाईप हातात घेतला, उलटासुलटा केला, हसला. "मी सोडलं बाबूजी. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, हार्टला बरं नाही. तुम्हाला तर आनंदच व्हायला पाहिजे!"

"हो," शालिकराम म्हणाले. "आनंदच आहे."

"तुम्हीच म्हणायचे ना, मोठ्या काकांचं काय झालं ते."

"हो."

त्यानं पाईप त्यांच्या हातात परत दिला आणि आईला काही हवं का बघायला आत गेला. तिथूनच पुढच्या दारानं बाहेर पडला.

पुढचे सात दिवस शालिकराम त्याला बसवायचा प्रयत्न करत राहिले. चहा झाला, जुनी पत्रं झाली, अंगणात आंबे कापून झाले. केशव उभ्यानं चहा प्यायचा, उभ्यानं आंबा खायचा, घड्याळ पाहायचा. परत येण्याबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा तो गोंधळला. "कधी म्हणालो होतो मी असं?" त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी केशव बॅग भरत होता. शालिकराम मागच्या अंगणात गेले. त्यांनी एकट्यानं दोन खुर्च्या टाकल्या. पाईप भरला, तेरा वर्षं डोळ्यांनी शिकून घेतल्याप्रमाणे बोटानं दाबला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ज्या हातांनी भावाच्या सडलेल्या जबड्यावरची पट्टी बदलली होती त्याच हातांनी त्यांनी काडी ओढली आणि तंबाखू पेटवली. धूर घशात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. तरी त्यांनी दम धरला आणि हाक मारली.

"केशव! ये गा. बस जरासा. पेटवला मी."

केशव दारात आला. क्षणभर त्याला काय बघतोय ते कळलं नाही. मग तो मोठ्यानं हसला.

"बाबूजी, तुम्ही! थांबा, तसेच बसा. हलू नका हं."

तो धावत आत गेला आणि कॅमेरा घेऊन आला. एक पाय पायरीवर ठेवून त्यानं फोटो काढला. अजून एक काढला. "ग्रेट," म्हणाला. "आता टाका ते, खोकला येईल." आणि बॅग भरायला आत गेला.

शालिकराम बसून राहिले. पाईप मध्येच सोडला तर विझतो, म्हणून ओढत राहिले. शेजारची खुर्ची मोकळी होती. आत खाटेवरून खिडकीतून गोपिकाबाईंना हे सगळं दिसलं असावं, कारण ते आत गेले तेव्हा त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "तो नाही बसनार जी. तुमी तं बसा माह्याजवळ."

ते बसले. पण त्यांच्या अंगाला येणाऱ्या वासानं गोपिकाबाईंना मळमळत होतं. थोड्या वेळानं सुभद्रानं त्यांना बाहेर जायला सांगितलं.

केशव गेल्यावर तेराव्या दिवशी गोपिकाबाई गेल्या. तार गेली. तीन आठवड्यांनी पत्र आलं: पुन्हा इतक्या लवकर रजा मिळणं शक्य नाही, मन तिकडेच आहे, आणि सुभद्राताई आहेच, तिचा आधार वाटतो.

सगळं आटोपल्यावर सुभद्रा म्हणाली, "चला खाप्याले. इथं कोन करन तुमचं?" पाहू म्हणाले ते. ती वाडीकडं जाऊन येते म्हणाली आणि गेली.

भाद्रपदात एका दुपारी शालिकराम ते दोन पाईप पिशवीत घालून सिव्हिल लाइन्सला गेले. चंपतरावांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी आवाजावरून ओळखलं, पाईप नाकाला लावला.

"मस्त ठेवला हाय. पोरगा ओढते न?"

"सोडलं त्यानं. तुमच्याजवळ राहू द्या हे."

चंपतरावांनी पाईप मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "साहेब सत्तेचाळीसले गेला. म्हने, चंपत, दोन वर्सात येतो, पाईप सांभाळ. म्या अकरा वर्स पुसले. मंग एक दिवस दुसऱ्या साहेबाकडून समजलं, का तो विलायतेले पोचला अन् त्याच साली मेला. दहा-अकरा वर्स म्या मेलेल्या मानसाचे पाईप पुसून राहिलो होतो."

"मंग मले सांगतलं काहून नाही?" शालिकराम म्हणाले. "मी पहिल्यांदा आलो तवाच?"

"तुमी जपायचं कसं ते विचारलं, वैरागडेबाबू. हे तं नाही विचारलं." त्यांनी चाचपडत पिशवी शोधली आणि पाईप तिच्यात परत घातले. "घेऊन जा. माह्यानं आता नाही होत."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकरामांनी आंघोळीच्या बंबात गोवऱ्या घातल्या आणि वरून दोन्ही पाईप टाकले. ते लाकूड आग सोसायलाच निवडलेलं, लवकर पेटेना. गोवऱ्या जळून गेल्या तरी वाट्या निखाऱ्यांत तशाच काळ्या बसून होत्या. नळ्यांचा मात्र रबर जळल्यासारखा घाण वास सुटला आणि शेजारच्या बाईनं भिंतीवरून विचारलं, काय जळून राहिलं म्हणून. त्यांनी रॉकेल ओतलं. मग पेटले. पाणी तापलं. आंघोळ न करताच ते आत जाऊन बसले.

दसऱ्याच्या आधी ते खाप्याला गेले. एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला कोणी नव्हतं. येतो म्हणून त्यांनी कळवलंच नव्हतं. विचारत विचारत वाडीवर पोचले तेव्हा सुभद्रा वांग्यांच्या ओळीत वाकून काम करत होती. तिनं सरळ होऊन पाहिलं, हात झटकले.

"आले का," ती म्हणाली. "पाय धुऊन घ्या. भाकर टाकतो."

ती वेळेवर वाढायची. त्यांचं धोतर धुवायची, अंथरूण घालायची, खोकला आला तर काढा द्यायची. कशातही कमी केलं नाही. बाकी बोलायची नाही. तिच्याकडे बोलायला वेळ नव्हता आणि त्याची सवयही मोडली होती. आठ-दहा दिवस असेच गेल्यावर एका दिवेलागणीला ती त्यांच्यासमोर ताट ठेवून, पाणी द्यायला म्हणून बाजूला थांबली. शालिकरामांना वाटलं, आज हिच्याशी काही बोलावं. केशवला विचारायला त्यांच्याजवळ नेहमी शंभर प्रश्न असत. हिला विचारायला एकही सापडेना. तिला काय आवडतं, ती लहानपणी कशाला भ्यायची, तिच्या मैत्रिणी कोण होत्या, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. शेवटी जे सुचलं ते त्यांनी विचारलं.

"सुभद्रे, तुही शाळा कुठवर झाली होती वं?"

तिनं लोट्यातलं पाणी त्यांच्या पेल्यात ओतलं.

"सातवी," ती म्हणाली. "पहिला नंबर आला होता. तुमीच काढलं मले."

ती लोटा घेऊन आत गेली. आत चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला, मग ते पुसल्याचा. शालिकराम भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. तो तोंडात घालायचा की ताटात ठेवायचा, हे त्यांना कळत नव्हतं.